दुसऱ्या छपराखालची चावी

नाही, आधी तो ‘चोरी’ शब्द खोडा. नाव-गाव सांगते नंतर, पळून नाही चालले. मीच आले ना गाडी घेऊन? जळगावला पोचले होते, तिथून मागं फिरले. चोर येतो का असा परत, स्वतःचं पेट्रोल जाळून? बरं, खोडता येत नसेल तर पुढं लिहा, ‘असे वडिलांचे म्हणणे’. हां. आता घ्या.

नाव भूमिका तोताराम सरोदे, वय २२, शिक्षण बी.ए., धंदा काही नाही, भरतीची तयारी हा धंदा धरत असाल तर तो. राहणार पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, वडील तोताराम आणि आई लताबाई असे तिघं राहतो. केळी आणि कपाशीची शेती आहे. मोठा भाऊ तेजस सुरतला कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर आहे. दोन वर्षांत तो गावी आलेला नाही. सदरची मोटारसायकल, रंग काळा, टाकीवर लाल पट्टा, ही तेजसच्या नावावर आहे. ती आमच्या पडवीत उभी असते. आबांना, म्हणजे वडिलांना, गाडी चालवता येत नाही. ते दर रविवारी ती सुरू करतात, थोडा वेळ आवाज ऐकतात, बंद करतात आणि फडक्यानं पुसतात. मला गाडी तेजसनं शेताच्या रस्त्यावर शिकवली. माझ्याकडे लायसन्स आहे, झेरॉक्स जोडते. तरी तेजस गेल्यापासून आबांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. “त्याची वस्तू हाये. तो आला म्हंजे इचारजो त्याले,” एवढंच म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून कौतिककाकांची गाडी दिवसाढवळ्या चोरीला गेली. दुसऱ्याच दिवशी आबा मला घेऊन बसनं जळगावला गेले, फुले मार्केटमागच्या बोळात युसूफभाईंचं कुलपांचं दुकान आहे तिथं. मला नेलं कारण गाडीतलं मला कळतं. हे आबांनी तिथं दुकानात मान्य केलं, घरी नाही.

युसूफभाईंनी आधी डिस्कलॉक काढलं. मी म्हटलं, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक नाही, ड्रम आहे. ते ठेवलं. मग अलार्मवालं काढून हलवलं, तर अख्ख्या बोळातली माणसं वळली. आबा म्हणाले, “हे मांजर बसली तरी वाजीन. बैल दावं तोडतीन माहे.” मग मी स्वस्तातलं वायरचं लॉक उचललं. युसूफभाईंनी ते माझ्या हातातूनच घेतलं. “हे नको, बेटा. हा नाडा आहे. पायजम्याला चालेल.”

शेवटी चौकोनी कड्यांची जाड साखळी घेतली, वरून कापडाची खोळ असलेली. आबांनी खोळीवरून दोनदा बोट फिरवलं. “रंगाले चरा नाही ना पडनार?”

“आबा, तुम्ही साखळी चोरासाठी घेताय का रंगासाठी?” युसूफभाईंनी विचारलं.

“पोराची गाडी हाये, भाऊ.”

मग युसूफभाईंनी लावायची रीत सांगितली. साखळी मागच्या चाकातून घ्यायची, फ्रेममधून काढायची आणि जाग्यावरून न हलणाऱ्या खांबाला बांधायची. जमिनीवर टेकू द्यायची नाही, कारण चोर ती दगडावर ठेवून हातोड्यानं फोडतो. कुलपाचं भोक खाली ठेवायचं, धूळ जात नाही. आबांनी हे माझ्याकडून परत म्हणवून घेतलं, पाढ्यासारखं. चाव्या दोन होत्या. त्या देताना युसूफभाई म्हणाले, “दोन्ही एका घरात ठेवू नका. दुसरी चावी दुसऱ्या छपराखाली.”

मला वाटलं, ती कौतिककाकांकडे जाईल. आबांनी एक चावी तिथंच करदोड्याला बांधली. दुसरी माझ्या हातात दिली. “हे तेजसले कुरियर कर. तो आला आन् आपन शेतात असलो, तं पोराले चावीसाठी ताटकळत बसा लागू नये.” मी त्याच दिवशी जळगावातून कुरियर केलं.

उद्या सकाळी धुळ्याला पोलीस शिपाई भरतीची माझी मैदानी चाचणी आहे. प्रवेशपत्र जोडते. हे आईला माहीत होतं, आबांना सांगितलं नव्हतं. का नाही, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. सांगायला गेले होते. तेव्हा ते गाडी पुसत होते. बसनं का गेली नाही, असंही विचारलं. धुळ्यात मी कॉलेजची मैत्रीण नाजमीन हिच्याकडे उतरणार आहे. तिचं घर गावाच्या टोकाला आहे आणि मैदानात हजर व्हायचं त्या वेळेला तिकडून रिक्षासुद्धा मिळत नाही.

म्हणून आज सकाळी आबा शेतात गेल्यावर मी कुलूप उघडलं, साखळी बॅगेत घातली, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. एरवी आबा जेवणाच्या आधी घरी येत नाहीत. आज आले. जळगावला आईचा फोन आला, “भूमे, गाडी चोरीले गेली म्हनून तुहे आबा ठान्यात गेले व. माहं आयकूनच नाही घेतलं.” मी तिथूनच वळले. माझ्यावर गुन्हा लागला तर चारित्र्य पडताळणीत तो निघणार, आणि मग मैदानात पहिली आले तरी उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

इथं आले तेव्हा आबा बाहेर बाकड्यावर होते. त्यांनी आधी गाडीभोवती चक्कर मारून टाकी पाहिली, मग मला. मग हा जबाब घेणाऱ्या हवालदार भटूभाऊंना म्हणाले, “गाडी हिनं नेली, ठीक हाये. पन चावी? माही तं माह्या कंबरेले हाये. त्या कुलपवाल्यानं तिसरी करून ठेवली असीन. त्याले आना पयले.” भटूभाऊ म्हणाले, माणूस पाठवतो जळगावला, युसूफभाईंना उचलून आणतो. मग माझ्याकडे वळले. ते दोंडाईचाकडचे आहेत, अहिराणी बोलतात. “बठ्ठं सांगी टाक, बाई. चावी कथाईन उनी?” म्हणजे चावी कुठून आली.

या ठिकाणी मी पाणी मागितलं. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलंय तर राहू द्या.

चावी तेजसनं दिली. आम्ही पाठवलेलीच चावी त्यानं परत पाठवली. पाकिटावर माझं नाव होतं, आत चावीशिवाय काही नव्हतं. मी फोन लावला. तो म्हणाला, “भूमे, मी इथंच घर घेतलं. आता तिकडं राहायला नाही येणार मी. गाडी तू वापर, तुझ्या नावावर करून देतो. आबांना तू सांग, माझ्याच्यानं नाही होत.” माझ्याच्यानंही झालं नाही. युसूफभाईंनी तिसरी चावी केलेली नाही. त्यांना आणू नये.

हे सांगितलं तेव्हा आबा माझ्यासमोर उभे होते. कंबरेजवळ हात नेऊन आपली चावी आहे का ते त्यांनी पाहिलं.

भटूभाऊ बाहेर जाऊन तेजसला फोन करून आले. म्हणाले, “मालक हां म्हनस. गुन्हा काही होत नई.” मग त्यांनी आबांना विचारलं, “आबा, तुमना अर्जवर काय लिखू?”

आबा म्हणाले, “लिहा, सापडली.”

गाडी मी धुळ्याला नेत आहे. तिथं ती नाजमीनच्या दारासमोर रस्त्यावर राहील, म्हणून साखळी आणि कुलूपही नेत आहे. मागच्या चाकातून, फ्रेममधून, विजेच्या खांबाला. खाली टेकणार नाही. भोक जमिनीकडं. दोन्ही चाव्या एका घरात ठेवायच्या नसतात. एक माझ्याकडे आहे. दुसरी आबांच्या करदोड्याला आहे, ती तिथंच राहू द्यावी. मी ती मागितलेली नाही.

हा जबाब भटूभाऊंनी, बाहेर बाकड्यावर जाऊन बसलेल्या आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचला. मी सांगितला तसाच आहे, कुणी पढवलेला नाही. सही केली. आबा काहीतरी बोलायला उठतायत. उजेडात धुळं गाठायचंय. मी निघाले.