झाकणभर पाणी

— नाय हो बाय, करवंदं गोडच हायत, चाखून बघा एक, पण तुमी आता विचारलंत काय ते पुन्हा सांगा — पाण्याच्या देवीचं ठाण? हां. म्हंजे तुमीपण तेवढ्यासाठीच बिरवाडीवरनं आलात. मला वाटलं कापड्यात कुणाकडं पावण्या असाल. नातू चालत नाय म्हणता, चार वरसांचा झाला तरी... असो. रस्ता सरळ हाय, दोन वळणं सोडा, तिसऱ्याला खाली वाकून बघा, पत्र्याची छपरी दिसंल, लाल निशाण दिसंल, झाडाला बांगड्या बांधलेल्या दिसतील. मी नाय येणार दाखवायला. का म्हंजे? — बसा जरा, ऊन उतरू दे, मंग जावा. अडवत नाय मी कुणाला.

लोकांनी तुमाला काय सांगितलं असंल ते मीच सांगते. कौलांची पिकप दरीत गेली, भागोजी रगतात पडलेला, पाणी पाणी करत होता, मैलभर माणूस नाय — आन् मंग झाडीतनं हिरव्या लुगड्यातली बाई आली, सोन्याच्या वाटीतनं पाणी पाजलं, डोक्यावर हात फिरवला आन् गुप्त झाली. बरोबर? देव तारी त्याला कोण मारी, हे पण बोलले असतील. बोलतातच. — अहो, लुगडं निळं होतं. निळं, आन् मांडीपर्यंत फाटलेलं. वाटी कसली, भाकरीच्या जर्मलच्या डब्याचं झाकण होतं ते, पोचे पडलेलं. आन् हात कुणी कशाला फिरवंल त्याच्या डोक्यावर, डोक्याची अर्धी कातडी लोंबत होती. मला कसं ठाव? माझंच लुगडं, माझाच डबा, मंग मला नाय तर कुणाला ठाव असणार?

ऐका. तीन वरसं झाली. शिमगा सरून पंधरा दिवस झाले असतील. भागोजीनं — मोठा शेतकरी हितला, वीस वरसं मी त्याच्या शेतात लावणीला जाते, म्हंजे जायची — त्यानं नवं घर बांधलं. मंगलोरी कौलं महाडवरनं आणायची, म्हून पोलादपुरातल्या सयाजीची पिकप केली. कौलं चढवायला-उतरवायला आमी दोघी, मी आन् माझी धाकटी जाऊ मंजुळा. भागोजी पुढं सयाजीच्या शेजारी, आमी मागं कौलांवर. मंजुळा असल्या गाडीत पहिल्यांदाच बसलेली — पदर वाऱ्यावर सोडून हसतेय आपली, मी दोनदा दरडावलं, नीट धर गो म्हून. तिसऱ्या वळणाला सयाजीनं ब्रेक दाबला तर ब्रेक लागलाच नाय. गाडी दगडाला घासली, कलंडली आन् खाली. किती वेळा उलटली ते मी नाय सांगू शकत. डोळे उघडले तवा करवंदीच्या जाळीत अडकलेली, सगळ्या अंगात काटे, आन् हे मनगट असं उलटं — बघा, अजून वळत नाय. सयाजीला खरचटलंसुद्धा नाय. माणसं आणतो म्हून वर चढला तो दुपारी उगवला.

पाणी कुठलं असणार तवा? खालचा पऱ्या, ओढा हो, पार आटलेला. वाळूत गुराख्यांनी उकरलेला डवरा होता, हातभर खड्डा, तळाला घोटभर पाणी — तेवढं काढलं की पुन्हा पाझरायला बसून राहायचं. झाकणात ते घेतलं आन् आली. भागोजी झाडाला टेकलेला, दोन्ही डोळ्यांत रगत, दिसत काय नव्हतं. झाकण त्याच्या ओठाला लावलं. आन् बाय, तुमाला खोटं वाटंल — त्यानं मान फिरवली. मान फिरवली आन् विचारतो कसा, "कुणाच्या हातचं?"

मरायला टेकलेला माणूस. जीभ टाळूला चिकटलेली, आन् हे विचारायला बरी सुटली. सुंभ जळतो पण पीळ जळत नाय म्हणतात तो हाच. ज्या महाडात पाण्यासाठी आमच्या लोकांनी डोकी फोडून घेतली, त्या महाडातनं कौलं घेऊन निघालेला माणूस हा. तुमी माझ्याकडं अशा का बघताय? हां, आमी वस्तीतल्याच. बौद्ध. करवंदं खाल्लीत ना, आता काय करायचं? — बसा, बसा, चिडत नाय मी तुमच्यावर. प्यायला का म्हणता? प्यायला की. कसा प्यायला ते... ते राहू दे.

महाडच्या दवाखान्यात तो खाटेवर, मी हात गळ्यात बांधून बाहेर व्हरांड्यात. दार उघडं, सगळं ऐकू यायचं. कापड्याच्या बाया नारळ घेऊन यायच्या त्याच्याकडं, आन् हा पडल्या पडल्या देवीचं सांगायचा. मला वाटलं, डोक्याला मार हाय, भ्रमलाय. चौथ्या दिवशी डोळ्यांवरची पट्टी काढली. मी दारात जाऊन उभी राहिली, बोलली, दादा, बरं हाय का आता? वीस वरसं ऐकलेला आवाज माझा. त्यानं बघितलं मला. झाकण धरलेला हात बघितला. आन् मान खाली घातली, आन् पुढच्या बाईला सांगायला लागला — हिरवं लुगडं, सोन्याची वाटी. थू. म्हंजे याला ठाव हाय. याला सगळं ठाव हाय, पण आमच्या हातचं प्यायला हे सांगण्यापेक्षा याला देवी उभी करणं सोपं गेलं.

आन् पुढचं ऐका. फुटली नव्हती ती कौलं माणसं लावून वर काढली, धुतली आन् चढवली घरावर. मंजुळाचं रगत होतं त्यांच्यावर. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. तुमची ती छपरी हाय ना, ती मंजुळा मेली नेमकी त्याच जागेवर हाय. मेली म्हंजे, हो, मेली ती. बोललं नाय का तुमाला कुणी? नायच बोलणार. बोर्डावर भागोजीचं नाव हाय, देवीचं हाय, बांधणाऱ्या गवंड्याचं पण हाय. तिचं नाय.

तवाच का नाय बोलली मी? — सगळ्यांना हेच विचारायचं असतं. बोलू काय? देवी त्यानं नाय केली, बाय. मी केली. त्यानं विचारलं कुणाच्या हातचं, आन् मी बोलली, "देवीच्या हातचं. पी." माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देवांचे टाक नेऊन सावित्री नदीत सोडले, नांदायला आली तवापासून घरात मी देव म्हून बघितला नाय, आन् माझ्या तोंडातनं देवी निघाली. वाद घालायला वेळ नव्हता हो. त्यानं तोंड मिटलं असतं, पाणी सांडलं असतं. हे मी वस्तीत कुणाला बोलली नाय. दिराला तर नायच. गणू, मंजुळाचा नवरा. त्याला काय तोंडानं सांगू, की ते पाणी मुळात भागोजीसाठी आणलेलंच नव्हतं म्हून.

मंजुळा कमरेपर्यंत कौलांखाली होती. आधी तिनं मागितलं. ओरडली नाय, रडली नाय, बोलली, "बाय, घोटभर दे गो." तेवढंच. मी झाकण भरून तिच्याकडंच निघालेली, दहा पावलं राहिलेली, आन् तो खेकसला — ए, इकडं आण. बांधावरनं आमाला हाक मारायचा ना, तोच आवाज. दिसत नव्हतं त्याला, नुसता पायरव ऐकून हुकूम सोडला. आन् माझे पाय वळले. मी नाय वळवले, बाय, वीस वरसांची सवय, वळले ते. मनात बोलली, याला एक घोट देते, उरलं की तिला. त्यानं कुणाच्या हातचं विचारलं, तवा तरी फिरायला पायजे होतं. तेवढं निमित्त पुरलं असतं मला. पण नाय. मी देवी झाली, आन् तो सगळं प्यायला, झाकण चाटलं. मंग मी पुन्हा डवऱ्याशी जाऊन बसली, एका हातानं वाळू उकरत, पाणी पाझरायची वाट बघत. परत आली तवा ती तोंड उघडं टाकून पडलेली. तरी ओतलं मी तिच्या तोंडात. सगळं बाहेर आलं. भागोजीची किळस येते मला, येतेच, पण खरं सांगू — त्याच्यापेक्षा जास्त या माझ्या पायांची येते.

— अहो, हे काय करताय? उठा. पाय सोडा माझे. इतका वेळ मी काय सांगितलं तुमाला, आन् तुमी काय ऐकलंत? डोकं नका ठेवू, उठा — तुमचा नातू यानं चालायला लागंल होय? बाई हाय मी. सुंदरा माझं नाव, लावणीची बाई. ऊठ गो. पोराला डाक्तरकडं ने. माझ्याकडं अशी हात जोडून नको बघू, नको बघू म्हणते ना. ऊठ आन् जा.