गंगाक्काचा फोन

चहा निवायच्या आत सांगतो. आमच्या चंदगडच्या डोंगरात गंगाक्काचा एकुलता एक ल्योक, बाळू, पुण्यासनं कायमचा राहायला आला. कंपनीचं काम कॉम्प्युटरवर गावातनंच करायचं म्हणे. रेंज फक्त टेकावर, म्हणून दिवसभर तिथं बसून एकटाच इंग्रजीत बोलायचा. सारं गाव म्हणायचं, गंगाक्का नशिबाची.

एक दिवस ती माझ्या दुकानातल्या फोनच्या डब्यात रुपया घालाय आली.

"कुणाला लावू, आक्का?"

"बाळूला."

"अगं, त्यो काय समोर टेकावर दिसतोय. हाक मार की."

ती हसली न्हाय. मी फोन लावून दिला.

"जेवलास का रं?"

"आई, मिटिंगमधी हाय," म्हणून त्यानं ठेवला.

मी म्हणलं, "रात्री घरात इचार की."

"घरात बी कानात वायर घालून बसतोय. पुण्यात हुता तवा रोज सांजच्याला ह्याच फोनवर फोन करायचा, पोटभर बोलायचा."

तिनं पदरानं रिसीव्हर पुसून जागेवर ठेवला.

"तू समद्यांची चेष्टा करतोस न्हवं? त्याची जरा जास्तच कर बाबा. चिडून परत पुण्याला तरी जाईल."