एकसारखा आवाज

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत मी मनातल्या मनात जप करत होते. समोर एक वयस्क गृहस्थ जुन्या पिकअपचं इंजिन चालू ठेवून मेकॅनिकशी बोलत होते.

"काका, आवाज तर अगदी एकसारखा आहे."

"तेच तर! सिग्नलला उभी राहिली की इंजिन मध्येच दबायचं, मग पुन्हा वर यायचं. हल्ली तसं होतच नाही."

"गाडी बरी झाली म्हणून तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच बघा."

"थट्टा करू नकोस. इतकी वर्षं चालवतोय. काहीतरी बंद पडलंय."

"एसी लावता का?"

"छे, मला गार सोसत नाही. बायको लावायची. ती लावायची, मी बंद करायचो. रस्ताभर तेच भांडण."

"आणि आता?"

"उन्हाळ्यात गेली ती."

मेकॅनिकने खिडकीतून हात घालून बटण दाबलं. इंजिन दबलं, थरथरलं, पुन्हा वर आलं.

"हाच का तो आवाज?"

"हाच रे, हाच."

"मग बिघाड काही नाही, काका. एसीचा भार पडला की असं होतं. करू बंद?"

"नको, राहू दे. मी जरा आत बसतो."