सून ओरडत नाय!

...नाय, पन सासूशी भांडावं तरी ना नीट सुनेनं? आमच्या गनूची बायको भाविका, खारघरला मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, एवढ्या नर्सा हाताखाली, अन् तुमाला सांगते, आवाज म्हनून चढवत नाय! मी जमुना, उलव्याला मासळी विकते, माजा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जातो, अन् माज्याच घरात ही अशी!

तर माजे पित्ताचे खडे निघाले अन् मला भरती केली, कुठं? तिच्याच वॉर्डात! दुसऱ्या दिवशी बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीचा पोरगा आला, अंकुर नावाचा, आडदांड, अन् मनस्वी नर्सच्या अंगावरच धावला... रिपोर्ट कुठाय, अक्कल हाय का, एकेकीला बघून घेतो! ती पोरगी नवीन, फाइल छातीशी धरून मागं सरतेय. मी बाह्या सारल्या, म्हटलं याला दाखवतेच... तवर आली आमची. मनस्वीला म्हनाली तू जा, चहा घेऊन ये. त्याला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मधे एक शब्द बोलली नाय, अन् मग हळूच, 'आईची काळजी वाटते ना?' झालं! एवढा धिप्पाड गडी, ढसाढसा रडला हो! जाताना मनस्वीची माफी मागून गेला. अन् आवाज? नाय चढवला! मी अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, सून हाय माजी, सून!

पन ऑपरेशनच्या दिवशी माजं डोकंच फिरलं. चा मागितला तर म्हनतात उपाशी राहायचं, गाऊन बघावा तर मागून उघडा, डॉक्टर बघावा तर मिसरूड नाय फुटलं... म्हटलं नाय करायचं ऑपरेशन, खडे माजे हायत, राहू देत, मी चालले घरी! आली आमची. बाजूला बसली. 'आई, भीती वाटतेय?' मला? भीती? बाजारात चार जनींना एकटी पुरून उरते मी! ...अन् रडले ना. माजी आई अशीच पोटाच्या दुखन्यानं भरती झाली ती परत आलीच नाय, घरात कोनाला कधी बोलले नव्हते, हिला सांगितलं. ऐकत बसली. आवाज? नाय चढवला.

ऑपरेशनच्या दारापर्यंत आली, हात धरून, अन् हात कोनाचा गार पडलेला? तिचा! म्हटलं हिला जरा धीर द्यावा, म्हनून सांगायला लागले, हे बघ, मी नाय परत आले तर पाटल्या तुला, बाजारातली जागा तुज्या ननंदेला, अन् तेराव्याला जेवनात हात आखडू नको...

'आई, गप्प बसा! परत येणार आहात तुम्ही!'

अशी ओरडली, अशी ओरडली, सगळा मजला थांबला! अन् मी आत गेले ती हसत, त्या डॉक्टरला सांगत, ऐकलंत काय, कोनावर ओरडत नाय ती, माज्यावर ओरडली!

आता खडे गेले, बरी हाय मी, बाजारात जायला तेवढी अजून बंदी. पन घरी परत तीच, हळू आवाजात, 'आई, तळलेलं नको.' मी मुद्दाम तिच्यासमोर बोंबील तळते, म्हटलं आता तरी ओरडंल... कुठलं काय! ही गॅस बंद करते, जवळ बसते अन् विचारते, 'दिवसभर एकटीला कंटाळा आला का, आई?'

...अन् आलेला असतो हो!