पापण्या नसलेल्यांचा प्रश्न

...नाही, पण तुम्हीच सांगा, माशांच्या पेटीवरचा दिवा बदलायचा, ज्याचा चोक गुणगुणतो, ज्याचा पत्रा गंजून पोपडे सोडतो, ज्याची नळी पेटण्याआधी इतक्या वेळा डोळे मिचकावते की पाहणाऱ्यालाच झोप यावी, असला दिवा बदलायला बैठकांमागून बैठका लागतात काय? लोहाऱ्यातल्या आमच्या विहारात लागल्या. आणि लागल्या त्या एका माणसामुळे, मारोतरावांमुळे, ज्यांचे म्हणणे पहिल्या बैठकीच्या चहापासून शेवटच्या बैठकीच्या चहापर्यंत एकच होते: "प्रश्न माझा नाही, प्रश्न माशांचा आहे."

आता मारोतराव कोण, हे न सांगता पुढे जाणे सभ्यपणाचे होणार नाही. चौथीत शाळा सुटली, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधता बांधता रद्दीतली वर्तमानपत्रे वाचून माणूस शिकला, आणि असा शिकला की आज त्यांच्यापुढे पदवीधर पोरे वाक्य पुरे करण्याआधी मनातल्या मनात एकदा म्हणून पाहतात. सारा मोहल्ला 'मले-तुले' बोलतो, हे एकटे 'मला-तुला'. पंच्याहत्तरी ओलांडली, पण डोळ्यांवर काच नाही. हे ते स्वतः सांगतात, न विचारता सांगतात, लग्नात सांगतात, मयतीतही सांगतात: "वाचायचे ते डोळ्यांनी. काचेने नव्हे."

आणि वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी वंदना झाली की विहारात ग्रंथवाचन होते, बायाबापे सतरंजीवर बसून ऐकतात, तर ते वाचन आमच्या आठवणीत दुसऱ्या कोणी केलेले नाही. वाचणार मारोतराव, बसणार माशांच्या पेटीशेजारच्या खुर्चीत, ग्रंथ मांडीवर, मान ताठ, आणि आवाज असा की भिंतीवरची पालसुद्धा जागच्या जागी थांबावी.

पण खुर्ची पेटीशेजारीच का? पंख्याखाली नाही, दाराशी नाही, पेटीशेजारीच का? तर तुम्हाला सांगतो, सभागृहाचा मोठा दिवा खुर्चीच्या पाठीमागे, त्यामुळे वाचणाऱ्याची सावली नेमकी पानावर. आणि पेटीच्या त्या गंजक्या झाकणाचा मागचा कोपरा कधीचा तुटलेला, त्या फटीतून नळीचा पांढराधोट उजेड थेट मांडीवर सांडतो. तो उजेड होता म्हणून काच नव्हती. हे गुपित फक्त मारोतरावांना ठाऊक होते. निदान मारोतरावांचा तसा समज होता.

बरे, सतरंजीच्या पहिल्या रांगेत धम्मरत्न गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, आणि दर वर्षी आषाढ लागला की मारोतरावांना विचारणार, "तब्येत कशी आहे? नाही, म्हटलं, थकवा वगैरे वाटत असला तर वाचनाची जबाबदारी..." यावर मारोतराव त्यांच्या चष्म्याकडे अशा करुणेने पाहतात की गुरुजी तो काढून पुसायला लागतात.

तर झाले असे, की विहार समितीच्या सचिव प्रभावतीबाई एके सकाळी माशांना दाणा टाकायला गेल्या आणि हात झटकत परत आल्या. "भाऊ, त्या झाकणानं असा झटका देल्ला मले, कोपरापर्यंत मुंग्या आल्या. आता हे बदलवाच लागते."

मारोतराव म्हणाले, "ओल्या हाताने स्पर्श केला असेल."

"मासे पाण्यात राह्यतात भाऊ. कोरड्या हातानं दाणा कसा टाकू? दुरून फेकू का?"

झाले. आर्णी रोडवरच्या मासेवाल्या दुकानाचा विक्की आला, झाकण उचलून पाहिले, नाक मुरडले आणि पहिल्या बैठकीत सांगितले, "दोन रस्ते हायेत. एक, झाकण हेच ठेवाचं, चोक-बिक काढून फेकाचा आन् आत एलईडीची नळी टाकाची. दुसरा, झाकणच भंगारात आन् वरून नवी पट्टी लटकवाची. पण खरं सांगू का, या झाकणात जीव नाई राह्यला. सॉकेट सारे जळले. नवी नळी टाकली तरी झटका मारनच."

"पहिला मार्ग," मारोतराव म्हणाले.

"पण आबाजी, झटका..."

"जुने झाकण माशांच्या ओळखीचे आहे. त्यातली ती म्हातारी गोल्डफिश, तिने जन्मात दुसरे आकाश पाहिलेले नाही. तिच्या डोक्यावरचे आकाश तुम्ही भंगारात घालणार? प्रश्न माझा नाही, प्रश्न माशांचा आहे."

बैठक तिथेच उठली. आकाश भंगारात घालायचा ठराव कोण मांडणार?

दुसऱ्या बैठकीत विक्की नवी पट्टी घेऊनच आला, पेटवून दाखवली, तर पाण्यातले वाळूचे कण मोजावेत असा प्रकाश, आणि सगळा सरळ खाली, पेटीच्या बाहेर एक थेंब सांडत नाही. बाया म्हणाल्या, "अव माय, मासा केवढा लाल दिसून राह्यला!" सगळे माशाकडे पाहत होते. मारोतराव आपल्या मांडीकडे पाहत होते. मांडी काळोखात होती.

"हा प्रकाश तीव्र आहे," ते म्हणाले.

"कमी करता येते आबाजी, बटण हाये."

"कमी केला तर वनस्पती वाढणार नाहीत."

"मंग जास्त ठेवू."

"जास्त ठेवला तर शेवाळ येईल."

विक्की डोके खाजवत प्रभावतीबाईंकडे पाहू लागला. प्रभावतीबाई मारोतरावांकडे पाहत होत्या, आणि बाई पदराआड हसत होत्या की काय, हे नव्या दिव्यातही नीट दिसले नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमाले अडचन कायची हाये, ते सरळ सांगा ना. वाचाले उजीड कमी पडत असन तं वरतून एक बल्ब टांगून देऊ खुर्चीवर. हाय काय त्याच्यात?"

आता पाहा, हा क्षण होता. 'हो' म्हटले असते, बल्ब लागला असता, गोष्ट संपली असती, आणि तुम्ही-आम्ही घरी गेलो असतो. पण पहिल्या रांगेत गुरुजी बसलेले, हातात चष्मा, चष्म्याच्या काचेत पेटी, पेटीत मासा, आणि गुरुजींच्या ओठांवर प्रश्न तयार: का हो, उजेड कमी पडतो?

"मला?" मारोतराव म्हणाले. "मला चंद्रप्रकाशात जाहिराती वाचता येतात, बाई. प्रश्न माझा नाही, प्रश्न माशांचा आहे."

आणि तिसऱ्या बैठकीला मारोतराव तयारीने आले. कुठल्याशा पुरवणीत वाचलेले, घडी घालून खिशात ठेवलेले ज्ञान त्यांनी बाहेर काढले, उभे राहिले, आणि म्हणाले, "माशांना पापण्या नसतात."

सगळ्या माना पेटीकडे वळल्या.

"आपण डोळे मिटतो. मासा कसा मिटणार? तुमचा हा सूर्य डोक्यावर टांगलेला असताना ते बिचारे केव्हा झोपणार? पापण्या नसलेल्यांचा विचार या समितीत कोणी केला आहे काय?"

काय बोलले पाहा! बायांच्या डोळ्यांत पाणी यायचे तेवढे राहिले. गुरुजींनी मान खाली घातली. नवा दिवा बारगळला, असेच सगळ्यांना वाटले, मारोतरावांना तर वाटलेच वाटले, आणि तेवढ्यात विक्की म्हणाला, "बराबर हाये आबाजीचं. पॉइंट हाये. मंग टायमर लावून टाकू ना. ठरलेल्या टायमाले आपोआप बंद. मासे बी खुश, आबाजी बी खुश."

"आबाजीच सांगतीन टाइम," प्रभावतीबाई म्हणाल्या. "माशाईची काळजी तेयलेच हाये."

आता माघार कशी घ्यायची? पापण्यांवर एवढे बोलल्यावर माघार कशी घ्यायची? वाचन आठला संपते, हा हिशेब करून मारोतराव पडलेल्या आवाजात म्हणाले, "आठ." टाळ्या वाजल्या. स्वतःच्या पराभवाला एवढ्या टाळ्या मिळवणारा दुसरा माणूस यवतमाळ जिल्ह्यात नसेल.

आली आषाढी पौर्णिमा. विहार भरलेला, बाहेर पावसाची रिपरिप, वंदना झाली, मारोतराव खुर्चीत बसले, ग्रंथ उघडला, आणि पानावर काय? धुके. अक्षरांच्या जागी करड्या पट्ट्या. शेजारी पेटी झगमगते आहे, म्हातारी गोल्डफिश नवरीसारखी मिरवते आहे, आणि मांडीवर अमावास्या. त्यात गुरुजींनी प्रास्ताविकाला उभे राहून जे सुरू केले ते आवरेचना, घड्याळ पुढे सरकते आहे, आणि शेवटी ते बसले तेव्हा म्हणाले, "आता मारोतराव, नेहमीप्रमाणे, चष्म्याविना."

मारोतरावांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. आणि तुम्हाला सांगतो, एक अक्षर अडले नाही. राजपुत्र घर सोडून निघतो तो भाग, तेच चढउतार, तोच ठहराव, मध्येच बोट जिभेला लावून पान उलटणे. गुरुजींचा चेहरा उतरला. बाया तल्लीन.

आणि वीज गेली. आमच्याकडे पावसाचा थेंब पडला की वीज जाते, त्यात नवल नाही. सभागृह काळेकुट्ट, पण पेटी चालू, कारण हवेचा पंप थांबला तर मासे जातील म्हणून छोटा इन्व्हर्टर फक्त पेटीला जोडलेला. त्या निळसर उजेडाशेजारी मारोतराव वाचत राहिले. लोकांनी माना डोलावल्या. काय दृष्टी आहे म्हातारबुवांची.

आणि मग आठ वाजले.

टक. पेटीचा दिवा बंद. पापण्या नसलेल्यांची झोपायची वेळ झाली. स्वतःचा हात स्वतःला दिसू नये असा अंधार. आणि त्या अंधारात मारोतरावांचा आवाज... तसाच. राजपुत्र नदीपाशी आला. राजपुत्राने दागिने उतरवले. बोट जिभेला लावल्याचा आवाज. पान उलटल्याचा आवाज. राजपुत्र पुढे निघाला.

डोळे मिटून, रंगात येऊन, मारोतराव गडद अंधारात ग्रंथ वाचत होते.

मग काळोखातून प्रभावतीबाईंचा आवाज आला, अगदी मायेचा: "भाऊ, मासे झोपले. आता तुमीबी थांबा."

मारोतरावांनी डोळे उघडले. काही फरक पडला नाही. आणि मग, आयुष्यभर जपलेली प्रमाण भाषा त्या अंधारात कुठे सांडली कोण जाणे, ते म्हणाले, "अरे, लाइट काहून गेला?"

गुरुजींनी मोबाइलची बॅटरी लावली. उजेड पडला तो सरळ मांडीवरच्या ग्रंथावर. गुरुजी वाकले, चष्मा सावरला, आणि म्हणाले, "मारोतराव, ही तर अनुक्रमणिका आहे."

मग जे हसू फुटले ते फुटले, पाऊस त्यापुढे ऐकू येईना. पण त्यातही मागून एक म्हातारी म्हणाली, "हसता कायले? पुरा ग्रंथ पाठ हाये त्या मान्साले. तुमाले एक पान तरी येते का?" आणि हसणे ओसरले. गुरुजीही खुर्चीकडे न जाता मुकाट सतरंजीवर बसले. प्रभावतीबाई म्हणाल्या, "खुर्ची भाऊचीच. पन भाऊ, वाचाचं म्हनजे वाचाचं. उद्या काय ते करा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारोतराव आले. सदऱ्याच्या खिशात डबी. खुर्चीत बसले, डबी उघडली, आणि सगळ्या विहारासमक्ष, मान ताठ ठेवून, चष्मा नाकावर चढवला. नवा कोरा. गुरुजींच्यापेक्षा जाड.

गुरुजी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "हा वाचण्यासाठी नाही. नव्या दिव्याचा माशांच्या डोळ्यांवर काय परिणाम होतो, ते जवळून पाहावे लागते. प्रश्न माझा नाही."

"माशाईचा हाये," सतरंजीवरून सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

तेव्हापासून रोज असेच चालले आहे. वंदना होते, मारोतराव चष्मा लावतात, पेटीकडे वळतात, म्हाताऱ्या गोल्डफिशकडे घटकाभर गंभीरपणे पाहतात, ती त्यांच्याकडे पाहते, आणि मग, आता लावलाच आहे तर काढायचा कशाला, म्हणून ग्रंथ उघडतात.