आडनाव तीनदा

(दिनकर कांबळे, बर्फाच्या प्लांटचे फिटर, मरोळ, अंधेरी पूर्व. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं आहे.)

आम्ही मूळचे माण तालुक्यातले, सातारा जिल्हा, पाण्याच्या नावानं बोंब, आणि बघा ताई, त्या गावच्या पोरानं आख्खं आयुष्य बर्फ बनवण्यात घालवलं. वडील तरुणपणीच मुंबईला आले, इथं एमआयडीसीत एका कारखान्यात झाडू मारायला लागले, मग बॉयलरवर लागले. मी इथलाच, मरोळचा. आयटीआय केलं, फ्रीज आणि एसीचं, आणि पहिली नोकरी वर्सोव्याच्या बर्फ कारखान्यात, होड्या समुद्रात जायच्या आधी बर्फ भरून जातात ना, तो आमचा बर्फ. कोळणी मला दिनू म्हणायच्या, मालक दिनू म्हणायचा, सगळं जग दिनू. आणि मला तेच पाहिजे होतं. काय सांगू तुम्हाला, दिनूच्या पुढचं कुणी विचारलं की मी पाना उचलून कामाला लागायचो.

आता तुम्हाला वाटेल, आडनावात काय एवढं. तुमचं काय असेल ते असेल. माझ्या आज्याला गावात पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. ते गावाला झालं, जुनं झालं, सोडा. पण लग्न झाल्यावर मी आणि शोभा भाड्यानं खोली बघत होतो, अंधेरीतच, खोली पसंत, मालकीणबाईंनी चहा पण ठेवला, आणि विचारलं, पूर्ण नाव काय तुमचं? मी सांगितलं. चहा आलाच नाही हो. बाई बोलल्या, खोली पुतण्याला द्यायचं ठरलंय, विसरलेच मी. तेव्हापासून आपण दिनकर. फक्त दिनकर. ही खोली स्वतःची घेतली तेव्हा दारावर नुसता नंबर ठेवला, पाटी लावलीच नाही. शोभा भांडली, बोलली, बाबासाहेबांचा फोटो आत लावता मग नाव बाहेर लावायला काय झालं? मी म्हणलं फोटो आपल्याला बघायला आहे, पाटी लोकांना. हे चुकलं माझं, आज सांगतो, पण तेव्हा डोक्यात तेच.

तर मी पुढं एमआयडीसीत बर्फाचे प्लांट बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो, आणि एक दिवस साहेब बोलले, दिनकर, पासपोर्ट काढ, गाम्बियाला जायचंय. मी म्हणलं झांबिया? ते बोलले नाही रे, गाम्बिया, आफ्रिकेच्या पश्चिमेला, समुद्रावर, मासेमारीच्या गावात प्लांट बसवायचाय, तीन महिने. अहो, आमच्या घरावरून दर दोन मिनिटाला विमान जातं, खिडक्या हलतात, जन्मापासून मी विमानाचं पोट बघतोय आणि आत कधी बसलो नव्हतो! शोभानं मिरचीचा ठेचा दिला दोन बरण्या. एक बॅगेत फुटली, सगळे शर्ट लाल. उतरलो तो ठेच्याचा वास घेऊनच!

आणि देश कसा, सांगू? एक नदी आहे, गाम्बिया नदी, तिच्या दोन्ही काठांना चिकटून एक लांब पट्टी, बस, तोच देश. तिन्ही बाजूंनी दुसराच देश, सेनेगल, आणि चौथ्या बाजूला समुद्र. रुंदी किती, तर अंधेरीहून गाडीत बसा, विरारच्या जरा पुढं जा, देश संपला! मला एवढं हसू आलं नकाशा बघून. पण भाषा? बापरे! कागदावर इंग्रजी, शाळेत इंग्रजी, आणि बाहेर आलात की मांडिंका, वोलोफ, फुला, जोला, सेरेर, सेराहुले, आणि एकेक माणूस चार-चार बोलतो. माझा जोडीदार होता मोदू न्जाय, तो प्लांट शिकायला होता माझ्या हाताखाली आणि मी राहायला होतो त्याच्या घरी, त्याची आई फुला, बाप वोलोफ, बायको मांडिंका, घरात तीन भाषा एका परातीभोवती. हो, परातीभोवतीच! एक मोठी परात, भात, त्यात मासा, भाजी, आणि सगळे गोल बसून त्यातच हात घालणार. पहिल्या दिवशी मी मागं सरलो, म्हणलं मला वेगळं वाढा, सवय हो ती, आपण आपलं बाजूला बसायची. मोदूच्या आईनं हाताला धरून बसवलं आणि स्वतःच्या बोटांनी माशाचा काटा काढून तुकडा माझ्या बाजूला सरकवला. जेवलो.

पण एक गोष्ट मला तिथं नको नको झाली. माणूस भेटला की आधी हालहवाल, नांगा देफ, म्हणजे कसा आहेस, त्यावर म्हणायचं मांगी फी, म्हणजे मी इथं आहे. बस, इथं आहे! किती छान ना? मग घरचे कसे, काम कसं, शरीर कसं, प्रत्येकाला उत्तर जाम रेक, म्हणजे नुसती शांतता. आपण मुंबईचे, आपल्याला घाई, मी पाना हातात घेऊन उभा आणि हे लोक माझ्या शोभाची तब्येत विचारतायत, जिला कधी बघितलं नाही. ते पण चाललं असतं. पण पहिलाच प्रश्न काय, तर आडनाव! चहावाला विचारतो आडनाव, होडीवाला विचारतो आडनाव. मी म्हणलं आली का पीडा इथं पण, सात समुद्र ओलांडून? मी आपला दिनकर, दिनकर. ते पुन्हा विचारायचे, ते झालं, आडनाव काय? मी मान हलवायचो, नाही, नाही. तर त्यांना वाटलं ह्या बिचाऱ्याला आडनावच नाही, म्हणजे ह्याचं कुणीच नाही! मोदूला वाईट वाटलं, त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, हा माझ्या घरी राहतो, हा न्जाय. झालं, मी दिनकर न्जाय. मला बरंच वाटलं, म्हणलं ह्या आडनावाचा इथं काही त्रास नसणार.

आता ऐका. बर्फाची पहिली लादी निघायची होती. सव्वा दोन महिने राबलो होतो, कॉम्प्रेसर, पाइप, खाऱ्या पाण्याची टाकी, सगळं माझ्या हातचं, आख्खं गाव जमलेलं. लादी साच्यातून सुटली, सर्रकन आली बाहेर, काचेसारखी, एकदम झकास! पोरं ओरडली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बायका म्हणजे मासे विकत घेऊन धुरावर सुकवणाऱ्या, आपल्या वर्सोव्याच्या कोळणींसारख्याच, तोंडानं कडक, आणि त्यांची म्होरकी माम जोब. माम म्हणजे आजी, जोब आडनाव. ही एवढी उंच बाई, डोक्याला पिवळं फडकं. ती पुढं आली, बर्फावर हात ठेवला, आणि मोठ्यांदा विचारलं, कुणी केलं हे? कुणीतरी बोललं, न्जायनं. तशी तिनं माझ्याकडं बोट केलं आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत, सगळ्या गावासमोर बोलली, न्जाय? मग हा तर माझा गुलाम! आणि सगळे हसले.

ताई, माझं डोकंच फिरलं. इंग्रजीत बोलली होती, चुकीचं ऐकलं असं पण म्हणता येईना. मी पाना फेकला, मेन स्विच खाली ओढला, प्लांट बंद, आणि सरळ घरी जाऊन बॅग भरायला लागलो. म्हणलं आज्यानं ओंजळीत पाणी प्यायलं, बापानं झाडू मारला, मी विमानानं इथवर येऊन परत तेच ऐकायचं? दोन दिवस मी खोलीतनं बाहेर आलो नाही. आणि तेव्हाच होड्या भरून आल्या, बोंगा नावाचा मासा असतो, तारलीसारखा पण चांगला मोठा, ढिगानं, आणि बर्फ नाही, एकट्यानं प्लांट चालवायला मोदू अजून शिकला नव्हता. वास माझ्या खिडकीत यायला लागला.

तिसऱ्या दिवशी मोदू येऊन जमिनीवर बसला. बोलला, तू चिडलास कशावर? मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कधी कुणाला सांगितलं नाही ते, ओंजळ, न आलेला चहा, दारावरचा नुसता नंबर. आणि तो आधी हसला, पोट धरून हसला, मी मारणारच होतो त्याला, मग डोळे पुसले. बोलला, अरे वेड्या, न्जाय आणि जोब ह्यांचं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जोबनं न्जायला गुलाम म्हणायचं, न्जायनं जोबला गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, भातचोर म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. आमच्या घरात भांडण झालं की मिटवायला जोबच लागतो. परक्या माणसाला ती असं कशाला म्हणेल? ती तुला घरचा बोलली. आणि मग बोलला, खरे गुलाम कोण असतात ते आम्हाला नको शिकवू, ह्याच नदीतून जहाजं भरून नेलीत आमची माणसं.

बघा, आमच्याकडं आडनाव विचारायचं ते माणसाला कुठं बसवायचं ते ठरवायला. तिथं विचारतात ते ह्याच्याशी थट्टा करता येईल का ते बघायला! आता तिथं सगळं गोड आहे असं नाही हं, ते मी नाही सांगणार. लोहाराचं घर, गाणाऱ्याचं घर, लग्नाला नको म्हणतात तिथं पण, ते मला पुढं कळलं. पण हे जे आहे, ते आहे.

मग मी मोदूकडनं एक वाक्य घोकून घेतलं वोलोफमध्ये आणि गेलो किनाऱ्यावर. माम जोब टोपलीशी बसलेली, तोंड उतरलेलं, तिला पण कळलं होतं काहीतरी बिनसलंय. मी समोर उभा राहिलो आणि आख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडलो, गुलाम तू माझी, आणि दोन माणसांचा भात एकटी खातेस! आणि मग काय विचारता, बाई उठली, टाळ्या वाजवत नाचायला लागली, सगळा किनारा हसतोय, मला मिठी मारली, अंगाला माशाचा वास, धुराचा वास, आणि मी रडतोय यार, पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस! मग मी तिला सांगितलं, माझं आडनाव आहे. न्जाय मोदूनं दिलं, पण माझं पण एक आहे. कांबळे. आणि ती काय बोलली? त्यांच्यात मान द्यायचा तर आडनाव पुन्हा पुन्हा म्हणतात, ती मान तुकवून बोलली, कांबळे. कांबळे. कांबळे. कुणी असं म्हणलं नव्हतं कधी, ताई. स्विच वर केला मी त्याच घडीला.

ह्याला आठ वर्षं झाली. फोन चालूच होते. आणि तीन महिन्यांपूर्वी मोदूचा फोन, माम जोबच्या हृदयाची झडप खराब झालीय, मुंबईला ऑपरेशन करायचंय. मी म्हणलं विचारतो काय, घर विमानतळाला लागून आहे! मोदू तिला घेऊन आला. हॉस्पिटलात फॉर्म भरताना नर्सनं विचारलं पेशंट तुमची कोण? मी म्हणलं गुलाम. ही खाटेवरून ओरडते, नाही, तो माझा गुलाम! नर्स बघतच राहिली, शोभा हसून हसून भिंतीला टेकली. पण ऑपरेशनच्या सकाळी म्हातारी शोभाचा हात सोडेना. हात गार. पहिल्यांदाच बघितली तिला घाबरलेली. मी कानाशी वाकलो आणि बोललो, ऐक, माझ्या परवानगीशिवाय मरायचं नाही, मालक मी आहे. तेवढं हसली, आणि नेली आत.

वाचली हो! ठणठणीत आहे! आता झोपलीय आत, शोभाच्या साडीची लुंगी करून. पण घरी आली त्या दिवशी जिना हळूहळू चढून दारात थांबली, दाराकडं बघितलं आणि विचारलं, इथं कुणी राहत नाही का? नाव कुठंय? शोभा माझ्याकडं बघतेय. त्याच संध्याकाळी मी मरोळ नाक्यावर पाटी टाकली करायला, आणि आज सकाळी लावली. पितळी. दिनकर कांबळे, शोभा कांबळे, आणि खाली बारीक, न्जाय. माम जोबला वाचता येत नाही आपलं, तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मग जिन्यात उभी राहून ओरडली, कांबळे! कांबळे! कांबळे! समोरचे सावंत, कोकणातले, वीस वर्षांचे शेजारी, दार उघडून बाहेर आले. पाटी बघितली. मला वाटतं त्यांना ठाऊकच असणार सगळं. बोलले, बरं केलंत दिनूभाऊ, पोस्टमन नेहमी आमचं दार वाजवायचा.

परवा जाणार ती, मोदूबरोबर. विमान आमच्यावरूनच जाईल, मी गच्चीत उभा राहून शिव्या देणार. ती सुखरूप पोचू दे, तिचा भात तिला पचू दे, एवढंच.

आणि ताई, एवढा वेळ मीच बोलतोय, तुमचं नाव सांगितलंत, आडनाव नाही सांगितलंत. नाही, नाही, तसं नाही विचारत आता मी. सांगा ना. मला ते तीनदा म्हणायचंय.