मोबाईलचं व्रत

माझ्या भाचीची गंमत सांगते. मोबाईलने माणसं कशी बदलतात, यावर ती जळगावला संशोधन करते. तिला आठ दिवस मोबाईल सोडणाऱ्या बायका हव्या होत्या. आमच्या चोपड्याच्या भजनी मंडळातल्या अकराही जणींनी देवापुढे संकल्प केला.

नवव्या दिवशी भाची रडवेली होऊन भजनातच आली. "मावशी, रोज मोबाईलवर प्रश्न पाठवले, एकीनेही उत्तर दिलं नाही! आता प्रबंधात लिहू काय?"

"अगं, व्रतात मोबाईलला हात कसा लावायचा?" मी म्हटलं.

मंडळातल्या थोरल्या अक्का म्हणाल्या, "बठ्ठं पाळेल शे, माय." म्हणजे, सगळं नीट पाळलंय.

तिने डोळे पुसून वही उघडली. "बरं, मोबाईलवाचून कोणाकोणाचं अडलं?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "एकट्या तुझंच."